शंभराचे पावणेदोनशे

१ जुलै १९७४, सोमवार

निवृत्तीला पाच महिने राहिले.

आज काउंटरवर रेल्वेतला एक म्हातारा गँगमन आला होता. मुदत भरलेली दोन बचत सर्टिफिकिटं त्यानं पिशवीतून काढली, प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेली. मी सह्या जुळवल्या, पैसे दिले. ते हातात धरून तो खिडकीशीच उभा राहिला. मागच्यांनी ढकललं तरी हलेना.

“एवढेच?” तो म्हणाला.

मी त्याला कागदावरचा आकडा दाखवला. आकडा बरोबर होता. तो म्हणाला, “बरोबरच असन बाबू. पण ठेवले तवा लय वाटत होते.”

चौतीस वर्षं पोस्टात काढली. पैसे कमी भरले म्हणून लोक भांडले, शाई सांडली म्हणून भांडले. पैसे पूर्ण मिळूनही कमी का वाटतात, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

९ जुलै

वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सरकार सक्तीच्या ठेवीत अडकवणार आहे. ऑफिसात दिवसभर तीच चर्चा. लोकांच्या हाती पैसा आला की महागाई वाढते, असं सरकारचं म्हणणं. घरी येऊन मनकर्णाला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तेल महाग झालं म्हणून भत्ता वाढला,” ती म्हणाली, “अन् भत्ता वाढला तं तेल अजून महाग होईन, म्हणून भत्ता देऊन नाही राहिले.”

“बरोबर.”

“मंग तेल स्वस्त होईन?”

“ते काही सांगितलं नाही.”

तिनं कढईत पळीची नुसती कड बुडवून फोडणी दिली. पाव किलोला अडीच रुपये पडले म्हणे. आमची मुलगी लग्न होऊन भिलाईला गेली, घरात आम्ही दोघंच. तरी महिन्याला तेल पुरत नाही.

२१ जुलै, रविवार

सकाळपासून झड लागली आहे. बाहेर जाता येत नाही, म्हणून जुन्या वह्या काढल्या. बासष्ट सालची यादी सापडली. माझ्याच अक्षरात एकशे चौदा नावं.

चीनच्या लढाईचे दिवस होते. प्रत्येकानं आपापल्या वस्तीत बारा वर्षांची सर्टिफिकिटं खपवावीत, असं पोस्टमास्तरांनी सांगितलं. मी आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत विहारासमोर टेबल टाकलं. दीक्षेला सहाच वर्षं झाली होती. लोकांच्या अंगात तेव्हा काही वेगळंच वारं होतं. जे कधी पोस्टाची पायरी चढले नव्हते, ते अंगावर धुतलेला सदरा घालून रांगेत उभे राहत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी नावं लिहून घेई. ज्यांना सही येत नव्हती त्यांना मी तिथंच पाटीवर शिकवायचो. अंगठा नको, सही करा, असा माझा हट्ट. एका म्हाताऱ्यानं तीन संध्याकाळी गिरवून चौथ्या संध्याकाळी आपलं नाव लिहिलं आणि मगच पन्नास रुपये दिले. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

वस्तीत सरकारी खुर्चीवर बसणारा मी पहिला. लोकांचा विश्वास कागदावर किती होता आणि माझ्यावर किती, हे तेव्हा मी तपासलं नाही.

यादीत तिसरं नाव गोपिकाचं. गिरणीत रिळांच्या खात्यात कामाला होती, अजून आहे. केसांत कापूस घेऊनच आली होती, सुट्टी झाल्याबरोबर. रुमालात सहाशे रुपये. इतके पैसे वस्तीत एका बाईजवळ मी पहिल्यांदाच पाहिले.

“भाऊ, बेसाले अर्धा एकर वावर विकून राहिले म्हणते,” ती म्हणाली. “घेऊ का?”

मी हसलो. शहराबाहेरच्या त्या खेड्यात ना रस्ता, ना दिवा, कोल्ह्यांचं राज्य, असं काहीतरी बोललो. मग तिला समजावलं. शंभराचे बारा वर्षांनी पावणेदोनशे. बसल्या जागी. नांगर नको, पाऊस नको. तिनं विचारलं, सरकार पळून तर नाही जाणार? मी कागदावरचे सिंह दाखवले. तिनं सहा सर्टिफिकिटं घेतली. पोरगी तारा तेव्हा सहा वर्षांची, आईचा पदर धरून टेबलाखाली डोकावत होती.

येत्या नोव्हेंबरात त्यांची मुदत भरते. सहाशेचे साडेदहाशे होतील.

आज सहज हिशेब केला. बासष्टात शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा तीस रुपयांना होता. सहाशेत वीस डबे आले असते. आज डबा दीडशे. साडेदहाशेत सात.

दोनदा करून पाहिला. सातच येतात.

१८ ऑगस्ट, रविवार

सायकलनं बेसाला गेलो होतो. मनकर्णाला सांगितलं की बर्डीला बाजारात जातो.

अजनी ओलांडली की शहर मागं राहतं. दोन्ही बाजूंना तूर, कपाशी. चिखलात दोनदा उतरून सायकल हातानं ढकलावी लागली. अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांना ते आवडलं नाही. पण वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता आणि लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून याच बाजूला बाजाराला गेलो होतो, ते आठवलं. बाप गिरणीत होता. रविवारीसुद्धा त्याच्या खांद्याला कापसाचा वास यायचा.

गोपिका घेणार होती ते वावर विचारत विचारत सापडलं. संत्र्याची बाग उभी आहे, विहीर आहे. गोविंदा नावाचा शेतकरी बांधावर बसला होता. मी पोस्टातून आलो म्हटल्यावर त्यानं बसायला पोतं अंथरलं.

“साडेसहाशेले घेतलं होतं,” तो म्हणाला. “आधी एक गिरणीतली बाई घेनार होती. पक्कं झालं होतं म्हणे. मंग ते आलीच नाही. माह्या नशिबानं मले भेटलं.”

“आता काय भाव?”

“मागच्या महिन्यात धरमपेठेतला एक वकील सहा हजार देत होता. मी नाही म्हटलं. काहून द्या?”

त्यानं मला दिवाळीला पिकणाऱ्या आंबिया बहाराची कच्ची चार संत्री दिली. परत येताना पुलावर थांबून ती नाल्यात टाकली. घरी नेऊन काय सांगणार होतो, कुठून आणली?

२५ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर नीट झोप नाही. शेवटी आज गोपिकाच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. वीस डबे, सात डबे, संत्र्याची बाग, सहा हजार. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तारा आत अभ्यास करत होती. आता अठरा वर्षांची आहे, पुढच्या वर्षी नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं म्हणते.

गोपिकानं निवडणं थांबवलं नाही.

“तुमाले धोंडबा माहीत होता ना, भाऊ?” ती म्हणाली. धोंडबा तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी दारूनं गेला. “त्यानं माही शिवणाची मशीन विकली. पान्याचा पितळेचा गुंड विकला. दोनदा तं तुमची सुट्टी पाहून ते सर्टिफिकिटं घेऊन बर्डीच्या पोस्टात गेला. दुसऱ्या बाबूनं म्हटलं, बाईले घेऊन ये, तिची सही पायजे. तो घरी येऊन मले मारे. पण सही काही मी केली नाही.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? वावर घेतलं असतं तं त्याच्याच नावावर चढलं असतं. वर्षभर नसतं टिकलं. बागगिग काही झाली नसती.”

ती म्हणाली, “चहा ठेव वं तारा.”

चांगल्या मनाची बाई आहे. मला वाईट वाटू नये म्हणून असं बोलली. पण हिशेब डोळ्यांसमोर आहे, तो काही बदलत नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तिनं बाग घालवली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गोपिका आज खिडकीवर आली. लुगडं नवं, केस नीट विंचरलेले, गिरणीत खाडा करून आलेली. सहाही सर्टिफिकिटं कोरी करकरीत, घडीसुद्धा नाही. तिनं सही केली. मीच शिकवलेली, गोपिका धोंडबा, ‘ध’ अजून उलटाच काढते.

साडेदहाशे रुपये देताना मी तिच्याकडं पाहिलं नाही. खाली वाकून म्हणालो, “हे आता कागदात घालू नको. सात डबे तेल घेऊन ठेव. वर्षभरात पैसे दुप्पट होतील.”

“तेल?” ती म्हणाली. “माह्या खोलीत ठेवू कुठं?”

“माझ्याकडं ठेव. मीही घेतो आहे.”

तिनं मान हलवली. “ताराची फी पुढच्या वर्षी भरायची हाये, भाऊ. तवापर्यंत पोस्टातच राहू द्या. मुदतीत टाका.”

मी पुन्हा सांगितलं. रांग वाढत होती, तरी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी पाच मिनिटांत पटवलं होतं, आज अर्ध्या तासात पटवता आलं नाही. शेवटी तिच्या म्हणण्याप्रमाणे फॉर्म भरला. तीच चूक माझ्या हातून दुसऱ्यांदा होते आहे, आणि या वेळी मला ती दिसते आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

निरोप समारंभ झाला. हार, नारळ, आरामखुर्ची. माझ्या हातून एका पैशाचा फरक कधी पडला नाही, असं पोस्टमास्तर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो गँगमन आठवत होता.

लाखेचा, खळीचा आणि ओल्या स्टँपपॅडचा वास आता रोज येणार नाही. माझी खिडकी एका तरुण पोराला दिली आहे. त्यानं खुर्ची खिडकीपासून थोडी मागं सरकवलेली दिसली.

१५ डिसेंबर, रविवार

फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून तेरा हजार हाती आले. सात हजार पोस्टात ठेवले, मनकर्णाच्या समाधानासाठी. सहा हजारांचं आज तेल घेतलं.

इतवारीतले तेलाचे व्यापारी मधुकरराव माझे वीस वर्षांचे ओळखीचे. दुकानातला गल्ला भरायला माझ्याच खिडकीवर यायचे. त्यांना मी सगळं मोकळेपणानं विचारलं.

“गजभियेजी, तुमच्याशी काय लपवायचं?” ते म्हणाले. “भाव अजून चढणार. बाहेरचे गिऱ्हाईक रांग लावून राहिले. पण तुमच्यासाठी चाळीस डबे गोदामातून काढून देतो. कालच्या भावानं. दोस्तीची गोष्ट आहे.”

त्यांनी स्वतःच्या हातगाडीवर डबे घरी पोचवले. हमालीसुद्धा घेतली नाही. उलट म्हणाले, आणखी पन्नास लागले तरी सांगा. इतका मोठा व्यापारी, आपला माल दुसऱ्याला द्यायला एवढा उत्सुक, हे हल्ली कुठं पाहायला मिळतं?

आतल्या खोलीत भिंतीशी डबे रचले. आठ-आठाच्या पाच रांगा. मनकर्णा दारात उभी राहून पाहत होती.

“एवढं तेल आपल्याले काय करायचं हाये?”

“हे खायचं तेल नाही. ही ठेव आहे.”

ती चुलीकडं वळली. तिला या गोष्टी कळायला वेळ लागतो.

११ जानेवारी १९७५

तेल एकशे चाळीस. मधुकररावांना भेटलो. म्हणाले, नवी शेंग बाजारात आली की दोन महिने असं होतं, धीर धरा. त्यांच्या गोदामात आज बरीच मोकळी जागा दिसली. माल सारखा हलता ठेवतात, धंदा असा करावा.

१९ फेब्रुवारी

तेल एकशे बत्तीस.

सकाळी वाचनालयात जाऊन सगळी वर्तमानपत्रं वाचतो. बाजारभावाचं पान कोणी आधी धरलं असेल तर शेजारी उभा राहतो. दुपारी परत येतो तेव्हा घरात हल्ली वर्दळ असते. शेजारच्या बाया, गिरणीतल्या बाया, गोपिका तर दोन दिवसांआड. तारासुद्धा संध्याकाळी पाटी-वही घेऊन मनकर्णाजवळ बसलेली दिसते. बायकांच्या पदराखाली काही ना काही असतं, बाटली, लोटा. विरजण वगैरे नेत असतील. मी आलो की उठून जातात.

बरं वाटतं. मुलगी सासरी गेल्यापासून मनकर्णा एकटी पडली होती. मी घरी असायला लागल्यावर घर भरलेलं वाटतं आहे.

३० मार्च

ऊन कडक झालं. आतल्या खोलीत तेलाचा वास येतो. डबा गळतो की काय, म्हणून पुढची रांग हात फिरवून पाहिली. सगळे कोरडे. मागच्या रांगा पाहायला डबे उचलावे लागतील, कंबर साथ देत नाही. मनकर्णा म्हणाली, “राहू द्या, मी पाहते.”

पाहिलं तिनं. ठीक आहे म्हणाली.

२५ मे, रविवार. बुद्धपौर्णिमा

विहारात वंदनेला गेलो. माझ्या बासष्टच्या यादीतली माणसं एकेक करून भेटली. काही आता नाहीत. त्या टेबलाची आठवण सगळ्यांनाच आहे. एकानं हात धरला आणि म्हणाला, “जयभीम भाऊ. तुमच्यानं माह्या पोट्ट्याची शाळा झाली.” दुसरा म्हणाला, सर्टिफिकीट मोडून घरावर कवेलू टाकले. कुणीही वीस डबे आणि सात डबे असं बोललं नाही. मीही काढलं नाही. माणसं मागचं विसरतात, हे एका परीनं बरंच.

तेल एकशे पंधरा.

२७ जून

काल रेडिओवर आणीबाणी ऐकली. आज बर्डीत माणसं हळू आवाजात बोलत होती. साठेबाजांवर धाडी पडणार, दुकानदारांना मालाच्या पाट्या लावाव्या लागणार, असं ऐकतो आहे. घरी येऊन पहिल्यांदा आतल्या खोलीच्या खिडकीला चादर लावली.

चौतीस वर्षं मी सरकारच्या खुर्चीवर बसलो. आज सरकारपासून माल लपवतो आहे. चादर लावताना मनकर्णा हसली.

“हसायला काय झालं?”

“काही नाही. एवढे डबे लपवून राहिले तुमी.”

तिला प्रसंगाचं गांभीर्य नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज जे घडलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

नळावर बाया बोलत होत्या. तेल सहा रुपये किलोवर आलं, डाळ उतरली, ज्वारी उतरली. एक म्हणाली, दोन वर्षांनी घरात भजी केली, पोरं वेडी झाली. सगळ्या हसत होत्या. मी दारात उभा राहून ऐकत होतो. त्यांच्या हसण्याचा मला राग आला.

मग वर्तमानपत्र उघडलं. अमुक भागात पाऊस कमी, शेंगेला धोका, अशी चार ओळींची बातमी होती. ती वाचून मला आनंद झाला. खरा आनंद. पाऊस न पडो, असं मनात येऊन गेलं.

माझा बाप हे पाहायला नाही, ते बरं. तो महिन्याच्या शेवटी भाकरीला नुसतं मीठ लावून खायचा आणि म्हणायचा, तेलाचं बोट असतं तर काय बहार आली असती. त्याचा मुलगा आज वस्तीच्या फोडणीवर टपून बसला आहे.

बासष्टात मी म्हणालो कागद घ्या, आणि वस्तू महाग झाल्या. चौऱ्याहत्तरात म्हणालो वस्तू घ्या, आणि वस्तू स्वस्त झाल्या. पुढं काय होणार ते मला दोन्ही वेळा ठाऊक नव्हतं. पण बोललो मात्र ठाऊक असल्यासारखा.

५ ऑक्टोबर, रविवार

तेल पंच्याऐंशी. मधुकररावांकडं गेलो, डबे परत घ्याल का विचारायला. ते फार प्रेमानं बोलले. “तुमचे डबे घेतले असते, गजभियेजी, पण आता आम्हीच पाटीवर माल लिहून बसलो. घरी खा तेल. चांगला माल दिला आहे मी.”

चहा पाजला. या दिवसांत त्यांचंही नुकसान झालं असणार, पण चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

परत येताना ठरवलं. या वेळी दसरा आणि दीक्षेची चौदा तारीख एकाच दिवशी आले आहेत, छप्पन सालासारखे. बाहेरगावाहून माणसं येणार. आमच्या वस्तीचे लोक दीक्षाभूमीवर जेवण देतात. मी तेल देईन. किती लागेल तितकं. पैसे घेणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्र झाली आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे वस्तीतले चार जण हातगाडी घेऊन डबे न्यायला आले. पुढच्या रांगेतले त्यांनी उचलले. मग मागच्या रांगेला हात घातला. एक जण जोर लावून उचलायला गेला आणि डबा डोक्यापर्यंत वर जाऊन तो मागं कोलमडता कोलमडता वाचला. डबा रिकामा होता. पुढचा रिकामा. त्याच्या पुढचाही.

मी एकेका डब्यावर बोट वाजवत गेलो. अठरा भरलेले, बावीस रिकामे. झाकणाशी बारीक भोकं, त्यावर मेण लावलेलं.

“चोरी झाली,” मी म्हणालो.

“चोरी नाही,” मनकर्णा म्हणाली. ती चुलीजवळ बसली होती, उठली नाही. “मी विकलं.”

माणसं डबे घेऊन बाहेर गेली. आम्ही दोघं राहिलो.

“कधी?”

“फेब्रुवारीपासून. पाव पाव किलो, अर्धा अर्धा. गोपिकानं गिरणीतल्या बाया पाठवल्या. दुकानापेक्षा चार आणे कमी घेतले, सगळ्या खुशीनं आल्या.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी विकू दिलं असतं? ठेव हाये म्हणत होते.” मग म्हणाली, “तेल उतरून राहिलं, हे तुमाले पेपरात आठ दिवसांनी दिसे. आमाले रोज दिसे. नोकरी सुटल्यावर तुमी तसेच उदास राहत. अजून तुमाले खोटं कसं पाडू?”

मी पाटावर बसलो. पैसे कुठं आहेत हे विचारायचं धाडस होईना. तिनंच फडताळातून पासबुक काढून दिलं. बर्डीचं पोस्ट. माझीच खिडकी. सत्तावीसशे चाळीस रुपये. आणि आत, नमुन्याच्या चौकटीत, एक सही.

मनकर्णा शालिकराम गजभिये. अक्षरं वाकडी, पण पुरी. एकही चुकलेलं नाही.

“हे कोणी लिहिलं?”

“मी. तारानं शिकवलं. पाच महिने लागले.”

एकशे चौदा माणसांना मी अंगठ्याऐवजी सही करायला लावलं. त्यासाठी रोज संध्याकाळी जेवण ताटाखाली झाकून ठेवणारी बाई मला कधी आठवली नाही.

दिवसभर दीक्षाभूमीवर होतो. पांढऱ्या कपड्यांचा तसाच समुद्र. छप्पन साली याच जमिनीवर मी मनकर्णाचा हात धरून गर्दीतून वाट काढली होती, तिच्या कडेवर मुलगी. आज आमच्या वस्तीच्या चार कढया होत्या आणि पुऱ्यांचा वास पार रस्त्यापर्यंत जात होता. परभणीकडून पायी आलेल्या एका म्हातारीला मी वाढलं. तिनं पुरी हातात घेऊन उलटीपालटी केली, तेल बोटाला लागलं ते पाहिलं. मग ते बोट आपल्या फुटलेल्या टाचेवर फिरवून ती जेवायला बसली.

गोपिका कढईशी होती, घामानं भिजलेली. मी जवळ जाऊन म्हणालो, “तू तेल घेतलं नाहीस, ते बरं केलंस.”

“माह्या पैशात आता बारा डबे येते, भाऊ,” ती म्हणाली. “वर व्याज वेगळं. ताराची फी भरून उरते. पण पुढच्या साली किती येईन, कोणाले माहीत?” आणि झाऱ्यानं पुरी उलटवली.

“मी तुला चुकीचं सांगत होतो.”

“तुमी आमच्यासाठी सांगत होते,” ती म्हणाली. “सरका जरा, तेल उडते.”

२० ऑक्टोबर, सोमवार

आठ डबे जेवणाला लागले. उरलेले दहा मनकर्णानं चार दिवसांत विकले, आता उघडपणे, ओट्यावर बसून. मी मापं भरून देत होतो. आज ते पैसे भरायला आम्ही दोघं पोस्टात गेलो.

लोकांच्या बाजूनं ती खिडकी किती उंच आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मनकर्णाला टाचा उचलाव्या लागल्या. मी फॉर्म पुढं सरकवायला गेलो, तर तो तरुण क्लार्क म्हणाला, “साहेब, खातं बाईंचं आहे. त्यांनाच बोलू द्या.” बरोबर बोलला. मीही असंच बोललो असतो. मी मागं सरून बाकावर बसलो.

शेजारी एक बाई मनीऑर्डरची वाट पाहत होती. पलीकडं कोणी पत्रावर थुंकी लावून तिकीट चिकटवत होतं. लाखेचा वास आला. चौतीस वर्षं मी या सगळ्यांचे फक्त हात पाहिले, खिडकीतून आत येणारे. कोणाच्या पायात चपला आहेत, कोणाच्या नाहीत, हे इथून दिसतं.

मनकर्णानं सही केली. क्लार्कनं ती जुळवली, शिक्का मारला. मग म्हणाला, “बाई, खात्याला वारस लावलेला नाही. नाव सांगा.”

ती गप्प. त्याला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून त्यानं मोठ्यानं विचारलं, “तुमच्या माघारी पैसे कोणाला द्यायचे? मालकांना? नाव काय त्यांचं?”

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं मला अवो म्हटलं, मुलीचे बाबा म्हटलं, पाहुण्यांसमोर नुसतं ‘घरचे’ म्हटलं. नाव घेण्याची आमच्यात कधी पद्धतच नव्हती. मी उठून सांगणार होतो.

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि खिडकीकडं तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणाली, “शालिकराम.”

रांगेतलं कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. क्लार्कनं लिहून घेतलं.